वजनं निवेपर्यंत

माझ्या भाचीला घरात सगळे 'उंबरा' म्हणत. एकोणिसावं लागलं तरी ती एकटी कुठे गेली नव्हती. दुकानात पाठवलं तर पिशवी हातात घेऊन दारातच घुटमळायची. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणायची, "सरड्याची धाव निदान कुंपणापर्यंत असते. हिची तेवढीही नाही."

माझं काम नाजूक तराजू तपासण्याचं. औषधांच्या दुकानांत, शाळांच्या प्रयोगशाळांत काचेच्या पेटीतले तराजू असत. वर्षातून एकदा ते तपासायचे आणि शिक्का मारायचा. गावोगाव हिंडण्यात माझी चाळीस वर्षं गेली. मग माझा उजवा हात थरथरायला लागला. तपासणीची वजनं मखमली पेटीत असत. सर्वांत मोठं अंगठ्याएवढं, आणि सर्वांत लहान म्हणजे माशीच्या पंखासारखा पत्र्याचा तुकडा. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायची. भाचीचा हात दगडासारखा स्थिर होता, म्हणून मी तिला सोबतीला मागितलं.

"दादा, ही गाडीतच रडायला लागेल," बहीण म्हणाली.

"रडू दे. हात स्थिर ठेवून रडली म्हणजे झालं."

ती रडली नाही, पण सबंध रस्ता डोळे मिटून बसली. उतरल्याबरोबर तिनं विचारलं, "मामा, परतीची शेवटची गाडी किती वाजता?" पुढे प्रत्येक गावात तिचा पहिला प्रश्न हाच असायचा.

आमच्या कामात एक नियम आहे. प्रवासात वजनं तापतात नाहीतर गारठतात. म्हणून पेटी तराजूशेजारी उघडून ठेवायची आणि तासभर थांबायचं. वजनं निवून खोलीसारखी झाली की मगच तोलायचं. तोवर खिडक्या बंद, पंखा बंद. तो तास मी आयुष्यभर बाहेर भटकण्यात घालवत आलो होतो.

"जा, एक फेरी मारून ये," मी तिला म्हणालो.

"एकटी? आणि करू काय?"

"एक गोष्ट बघून ये. एकच. पण मला दिसेल अशी सांगायची."

पाच मिनिटांत ती परतली. "दुकानाला पायऱ्या आहेत."

"किती?"

ते काही तिला सांगता येईना. पुन्हा गेली. "सात. आणि तिसरीवर कुणीतरी पत्रा ठोकलाय, पाय घसरू नये म्हणून."

"कुणी ठोकला?"

"आता ते कसं कळणार?"

"विचारून."

ती पुन्हा गेली. मी तिला एकदाही रागावलो नाही. मूल काय आणि तराजू काय, ढकलून चालत नाही. काटा आपला आपण थांबेपर्यंत वाट बघावी लागते.

हळूहळू तिचे फेरे लांबले. एका गावात तिनं असा न्हावी पाहिला, जो स्वतःचे केस कापायला समोरच्या न्हाव्याकडे जायचा आणि तिथे बसून त्यालाच शिकवायचा. दुसऱ्या वर्षी एकदा ती तास उलटल्यावर धापा टाकत आली. "मामा, इथे नदीवर दोन पूल आहेत, आणि जुन्या पुलावरून आता फक्त बदकं जातात! ओळीनं!" शेवटच्या गाडीचं त्या दिवशी तिनं विचारलंच नाही. मीही आठवण करून दिली नाही. गाडीत ती खिडकीशी बसली, आणि मी डोळे मिटले.

तिसऱ्या वर्षी समुद्रकाठच्या गावाची पाळी आली. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. औषधाच्या दुकानात वरच्या मजल्यावर तराजू होता. तिनं पेटी उघडली, झाकण बाजूला ठेवलं.

"चल, आधी समुद्र दाखवतो," मी म्हणालो.

"खाली-वर नको रे मामा, तुझे गुडघे दुखतात. तास होऊ दे, काम झालं की जाऊ."

पण मलाच धीर धरवेना. जन्मभर इतरांना धीर शिकवणारा मी! "अगं, इथूनच दिसतो," म्हणत मी खिडकीची कडी काढली.

ती येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, याला पलीकडची बाजूच नाही." मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तेवढ्यात वारा आत आला आणि आमच्या पाठीमागे पेटीतला सर्वांत लहान पत्रा उडाला.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं रांगत होतो. फळ्यांच्या फटींतून तिनं चिमट्यानं धूळसुद्धा वेचली. पत्रा सापडला नाही.

अपुऱ्या पेटीवर तपासणी करता येत नाही. वजनमापांच्या कचेरीतला कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली. "आजोबा, ही वजनं घडवणारा कारखाना केव्हाच बंद झाला. आणि हे तराजू तरी राहिलेत किती? सगळीकडे विजेचे काटे आले. परवाना इथेच ठेवून जा."

घरी बहिणीनं विचारलं, "पण खिडकी उघडली कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत भाची म्हणाली, "मी."

"वाटलंच. बाहेरचं वारं लागलं की असंच व्हायचं."

मी गप्प राहिलो. अजून गप्प आहे.

आता माझे दोन्ही हात थरथरतात. सदऱ्याची बटणं भाची लावते. मी तिला म्हणतो, "तू जा ना एकटी. काम गेलं, गावं कुठे गेलीत?"

"आणि तुझी बटणं?" ती म्हणते. आतून तिची आई ओरडते, "कामाशिवाय हिंडायला कुणी सांगितलंय?"

दुपारचा चहा झाला की ती उंबऱ्यावर येऊन बसते. समोरून गाडी गेली की पाटी वाचते आणि त्या गावात पाहिलेली गोष्ट मला सांगते. दोन वर्षं झाली, रोज नवी.

काल म्हणाली, "मामा, एका गावात जुन्या पुलावरून फक्त बदकं जातात. तुला कधी सांगितलं का रे मी?"

"नाही गं," मी म्हणालो. "किती बदकं होती?"

ती रस्त्याकडे बघत आठवत राहिली. तिला आठवेना. आणि या वेळी पुन्हा जाऊन मोजून यायची सोय नव्हती.