चुकीचा पट्टा

ओहायोच्या डेल्मरने हौसेने, रीतसर परवानगी काढून, साठ वर्षांपूर्वीच्या लष्करी वळणाची आखूड नळीची रायफल सुट्या भागांतून जुळवली. फक्त तिच्या दोन भागांचा करडा रंग काही केल्या एकसारखा होईना. बंदूक-हौशींच्या क्लबातला व्हर्लिन, मूळ बंदुकीशी न जुळणारी अशी चूक सापडली की, चारचौघांत हसं करायचा. त्याची नजर रंगावर जाऊ नये, म्हणून डेल्मरने रायफलीला मुद्दाम खांद्यावर अडकवायचा आजकालचा पट्टा लावला.

व्हर्लिनची कळी खुलली. "लेका, हा पट्टा तर कालपरवाचा!"

"नजरचूक झाली खरी," डेल्मरने तोंड पाडलं.

"रंग मात्र अस्सल! तेव्हाही या दोन भागांचे रंग कधी जुळायचे नाहीत. कसं साधलंस?"

"सोपं नव्हतं, बाबा," डेल्मर ताठ मानेने म्हणाला.

रंग जुळत नाही म्हणून महिनाभर त्याची चिडचिड ऐकलेल्या, शेजारीच उभ्या बायकोला नेमका तेव्हाच खोकला आला.