खमिराचा वास

गोजरबाईनं डबा उघडला आणि ती तिथंच मटकन बसली. डॉक्टरीणबाईंनी सुनेला दिलेल्या पावडरीला किसनरावाचा वास येत होता.

किसनराव तिचा नवरा. खमीर घालून आंबवलेल्या मोहफुलांच्या सडव्याचा ड्रम उकिरड्यात पुरून दारू गाळायचा. विकायचा थोडी आणि ढोसायचा फार. तो मेला त्या दिवशी बाईनं ठरवलं होतं, हा वास पुन्हा या घरात शिरू द्यायचा नाही. अठरा वर्षं तिनं ते पाळलं.

सून सुचिता सहा महिन्यांची गरोदर, अंगात रक्त जेमतेम आठ. लोहाच्या गोळ्यांनी तिला ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून मेहकरच्या डॉक्टरीणबाईंनी हा डबा दिला. लोह भरलेलं खमीर, रोज चमचाभर लिंबूपाण्यातून. खमीर काय असतं हे गोजरबाईला कुणी शिकवायला नको होतं! ज्यानं तिचा जन्म नासवला ते औषध कसं होईल? पण लेकाशी, ज्ञानेश्वरशी, हुज्जत कोण घालणार? तिनं पावडर उकिरड्यात ओतली आणि डब्यात तांबूस भाजलेल्या डाळीचं पीठ भरलं. फार मोठं पाप केलं, पण तेव्हा तिला ते पुण्यच वाटलं.

सुचिता बिचारी नेमानं घ्यायची. "आत्या, डॉक्टरीनबाई म्हने वास येईन. मले तं काईच येत नाही." गोजरबाईनं चुलीत काडी सारली.

दीड महिन्यानं तिघं मेहकरला गेली, तपासलं तर रक्त सातावर उतरलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पावडर घेतेस ना?"

"फेकून देत असन!" ज्ञानेश्वर तिथंच खवळला. "लेकरू मारायचं हाय का तुले?"

सुचितानं रडत पोटावर हात ठेवला. "या लेकराची आन, एक दिवस नाही चुकवला म्या."

आण खोटी, आणि खोटेपणा सुनेचा नव्हे, गोजरबाईचा. ती आण नातवाला बाधली तर?

"तिले नको बोलू," ती म्हणाली. "पावडर म्या फेकली. डब्यात डाळीचं पीठ हाय."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आजी, बाळंतपणात ही हातची गेली असती." त्यांनी सुचिताला लोहाचं सलाईन लावलं आणि दुसरा डबा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाईनं स्वतःच्या हातानं लिंबू पिळलं, पावडर कालवली आणि पेला सुनेपुढे धरला. सुचितानं तो घेतला नाही.

"आधी तुमी घ्या एक घोट."

गोजरबाईनं पेला ओठाला लावला. वास तोच होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं घोट गिळला आणि पुन्हा पेला पुढे केला.

सुचिता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पेला घेतला आणि तळापर्यंत पिऊन टाकला.