खजुरातली गोळी

"बाही वर घ्या ना, चाचा. फक्त एकदा."

"अरे हमदुल्ला, अजून तांदळाची गोण एका खांद्यावर उचलतो मी. मला काय धाड भरलीय?" लाँचचा तांडेल बदरुद्दीन हसला, पण त्यानं बाही वर केली.

रक्तदाबाच्या यंत्रातला पारा दोनशे दहावर होता. हमदुल्लाच्या तोंडचं पाणी पळालं.

सदुसष्टचा हिवाळा होता. दुबईच्या खाडीकाठच्या त्या दवाखान्यात तो बारा वर्षं कंपाउंडर होता. पुड्या बांधायच्या, फावल्या वेळात डॉक्टरांची जुनी मासिकं वाचायची आणि कुणी मोठ्यानं बोललं की मान खाली घालायची. गेल्या वर्षी त्याच्याच रत्नागिरीचा नूरुद्दीन खोकल्याचं औषध न्यायला आला होता. यंत्र समोरच होतं, पण 'बाही वर घ्या' म्हणायचा धीर हमदुल्लाला झाला नाही. महिन्याभरात नूरुद्दीन धक्क्यावर कोसळला, अर्धं अंग लुळं पडलं आणि चौथ्या दिवशी गेला. तेव्हापासून हमदुल्ला धडधाकट माणसांनाही थांबवू लागला. माणसं हसत.

डॉक्टरांनी बदरुद्दीनला रोज एक गोळी दिली, खारी मासळी बंद केली. पारा जरा उतरू लागला आणि रमजान लागला. पाचव्या रोज्याला बदरुद्दीननं गोळ्यांची बाटली परत पाठवली. निरोप होता, 'रोज्यात औषध नको. दुखत तर काहीच नाही. ईदनंतर बघू.'

न दुखताच माणूस जातो, हे हमदुल्लाला ठाऊक होतं. पण आपण कोण सांगणार? आपण थोडेच डॉक्टर? शेवटी बाटली खिशात टाकून तो मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाच्या आधी खलाशांच्या मेसवर गेला.

पंचवीस माणसं रोजा सोडायला दस्तरखानाभोवती बसली होती. बदरुद्दीनशेजारी टेकून त्यानं एका खजुराची बी काढली आणि तिच्या जागी गोळी दाबली.

"हे काय?"

"रोजा खजुरानंच सोडता ना, चाचा?" त्यानं खजूर पुढे केला. "ईदपर्यंत असाच सोडा."

"और नहीं खाया तो?"

"तर नूरुद्दीनसारखं तुम्हालाही धक्क्यावरून उचलावं लागेल. तेव्हा मी गप्प बसलो. आता नाही बसणार."

अजान झाली. बदरुद्दीननं खजूर तोंडात टाकला, वर पाणी प्याला आणि तळलेल्या खाऱ्या सुरमईचं ताट ढकललं.

"बावर्ची, ये मच्छी उठाव. खलास!"

"चाचा, आम्ही काय खायचं मग?" एक खलाशी कळवळला.

"तू आधी बाही वर कर!"

त्यानंतर हमदुल्लानं गोळी घेऊन मेसवर जायची एकही मगरिब चुकवली नाही.

ईदच्या नमाजानंतर बदरुद्दीन अत्तर लावून दवाखान्यात हजर झाला. पारा एकशे पन्नासवर थांबला.

"पास?"

"पास, चाचा. पण गोळी चालूच ठेवायची."

"इन्शाल्ला!" बदरुद्दीननं दाराकडे तोंड करून हाळी दिली, "यल्ला, पुढचा!"

बाहेर नव्या कपड्यांतल्या खलाशांची रांग लागली होती. कडक इस्त्रीच्या बाह्या कोपरावर दुमडलेल्या, आणि एकालाही काही दुखत नव्हतं. हमदुल्लानं पहिल्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, पाऱ्याकडे बघितलं. आकडे दिसेनात.

"थांबा," चष्मा काढून डोळे पुसत तो म्हणाला, "पुन्हा घेतो."