दुसरा हात

"उखाभाई, एक हाथ बस छे. मोकली दो," शेठ म्हणाला.

उखाने मान हलवली. "आमच्या गावचं काम आहे, शेठ. आत्ताच पाठवू नका, दोन दिवस द्या. वार्निशचा दुसरा हात मारतो, भट्टीत नीट सुकवतो. परत जळायला नको."

पांडेसऱ्यातल्या त्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायच्या कारखान्यात उखाच्या हट्टापुढे कुणाचं चालत नसे. कामाच्या बाबतीत तो नाकावर माशी बसू देत नसे. त्यातून हा जनरेटर त्याच्या गावाकडच्या धरणावरचा. धरण शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं. त्यात उखाच्या बापाचं, सखारामचं, घर आणि शेत गेलं. वीस वर्षांनी सरकारला कालव्याच्या तोंडाशी वीज करायचं सुचलं. नव्या गावठाणात खांब आले, तारा आल्या आणि पहिल्याच चाचणीत जनरेटर जळाला.

सखाराम पौषापासून उखाच्या बमरोलीच्या खोलीत अंथरुणाला खिळला होता. डोक्यावर ट्यूबलाइट दिवसभर जळत असे, पण म्हातारा तिच्याकडे बघतही नसे. "हाई आपली नही," म्हणायचा. गावठाणातल्या घरात दिवा लागला की घेऊन जाईन, असं उखाने कबूल केलं होतं. डॉक्टरने औषधं पंधरा दिवसांचीच लिहून दिली होती, पुढची लागणार नाहीत म्हणाला होता. शोभाबाईने सासऱ्याचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी धरणावरच्या वीजघरातला गणपत टेम्पो घेऊन आला. उखाने जनरेटरवर हात फिरवून दाखवला.

"बसवायला किती दिवस? बापाला घेऊन येतो."

गणपत जरा घुटमळला. "काम झकास झालंय, भाऊ. पण कालवा काल रात्री बंद झाला. रब्बीचं शेवटचं पाणी होतं."

"धरणात पाणी नाही?"

"भरपूर आहे. पण ते पिकाचं. नुसत्या दिव्यांसाठी सोडायचा हुकूम नाही. कालवा सुटला तरच आपलं चक्र फिरतं. आता पुढचं पाणी आखाजीनंतर."

आखाजीच्या सणाला दोन महिने होते.

"परवा नेला असता तर?"

"एक दिवस तरी लागले असते दिवे," गणपत म्हणाला. "आमचे साहेब म्हणूनच शेठना सारखा फोन करत होते."

घाई कशाची, हे उखाने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला आपल्याच हातांचा संताप आला. तरी जनरेटर टेम्पोत त्यानेच चढवला, धक्का लागू नये म्हणून खाली गोणपाट घातलं आणि दोर स्वतः आवळला.

घरी आला तेव्हा सखाराम जागाच होता.

"उखा, वार्निश वाळनं का?"

शोभाबाई चुलीपाशी थांबून नवऱ्याकडे बघत राहिली.

"नही बा," उखा म्हणाला. "आजून एक हात देना शे."

"दे," म्हातारा म्हणाला. "घाई नको करू. आपला गावनं काम शे."

उखा मोरीत जाऊन बसला आणि हात घासू लागला. हात स्वच्छ झाले तरी तो उठला नाही.