हिराओचं बोलणं

खोक्याच्या पाठीला सोळा स्क्रू होते. त्यांतले चौदा निघाले, दोन गंजून तुटले. फळी बाजूला केल्यावर आत सापडलं ते असं: पंधरा इंची स्पीकर एक, काळवंडलेला कापूस दोन ओंजळी, वाळून कागद झालेली झुरळं तीन, आणि स्पीकरच्या मागच्या वाटोळ्या चुंबकाला घट्ट बसलेला, सेनबेई बिस्किटांचा पत्र्याचा डबा एक. उराबेने दोन्ही हातांनी ओढला तेव्हा कुठे तो सुटला.

डब्यात टेपची रीळ होती. अठरा सेंटिमीटरची. कडेवर खडूची पांढरी खूण, अजून तशीच.

"आहे!" उराबे म्हणाला. "म्हटलं नव्हतं? ठेवली तिथेच आहे."

"तेहतीस वर्षांत तू एवढं एकच काम धड केलंस," कामाची म्हणाला. तो ड्रम वाजवायचा, उराबे बेस. आता दोघांच्याही गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून एवढा वेळ स्क्रू काढत होती ती चिनात्सु, हिराओची मुलगी. तिने हात पुसले आणि रिळीला न शिवता नुसती वाकून पाहिली.

योकोरो म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी. कोकुरातल्या चार पोरांनी आपल्या बँडला ते नाव दिलं, कारण चौघांचेही बाप त्याच कारखान्यात भाजून निघत होते. बँड चार वर्षं चालला. सत्तावीस कार्यक्रम झाले, त्यांतले सहा पोलिसांनी बंद पाडले. एक छोटी रेकॉर्ड निघाली, तीनशे प्रती. आठ गाणी मिळून नऊ मिनिटं दहा सेकंद. तिच्यासाठी आता परदेशातली मुलं उराबेला पत्रं लिहितात. १९८५च्या नोव्हेंबरात त्यांनी आणखी चौदा गाणी टेपवर घेतली. फेब्रुवारीत गाणारा हिराओ मोटारसायकलच्या अपघातात गेला, एप्रिलमध्ये चिनात्सु जन्मली. गिटारवाला ओसाकाला गेला तो गेलाच. चौघं पुन्हा जमले की टेप काढू असं ठरलं होतं, आणि चौघं काही जमणार नव्हते. उराबेने खोकं पडवीत ठेवलं. दर वर्षी हिराओच्या दिवशी तो त्याच्यावर शोचू दारूचा एक पेला ठेवायचा. उघडलं कधी नाही.

या वसंतात चिनात्सुची आई गेली. आईचं घर आवरून झाल्यावर चिनात्सु उराबेकडे आली होती.

"काका, रेकॉर्डवर बाबा नुसते किंचाळतात," ती म्हणाली होती. "ते मला पाठ आहे. पण जेवताना मीठ मागायचं झालं तर ते कसं मागायचे?"

"कसं म्हणजे... मीठ दे, असं."

"तशा आवाजात?"

"छे! याच्या आवाजात काय आहे, बेडूक बसलाय," कामाचीने तोंड घातलं. "हिराओ हळू बोलायचा. असा, नाकातून. 'ए, मीठ दे.'"

"नाकातून कुठे? छातीतून बोलायचा तो!"

चिनात्सुने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही दोन वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलताय," ती म्हणाली.

तेव्हा उराबेला टेप आठवली. नववं गाणं सुरू होण्याआधी कामाचीच्या ड्रमचं पायडल तुटलं होतं. तो ते तारेने बांधत बसला, टेप चालूच राहिली, आणि हिराओ माईकपाशी उभा राहून बोलत होता. येणाऱ्या बाळाबद्दल. सगळे खूप हसले होते. काय बोलला ते मात्र दोघांनाही आठवेना.

रीळ फुकुओकाच्या प्रयोगशाळेत गेली. जुन्या टेपवरचा लेप ओलीने चिकट होतो. मोमिई नावाच्या तिथल्या तरुणाने ती चोपन्न अंशांवर आठ तास शेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिघंही त्याच्यासमोर खुर्च्यांवर बसले. कामाचीने कधी नव्हे तो कोट घातला होता.

"काय रे, लग्नाला निघालायस?" उराबे पुटपुटला.

"हिराओ भेटणार आहे," कामाची म्हणाला. "गप बस."

मोमिईने कळ दाबली. गिटारचा गडगडाट आला आणि लगेच विझला. पुन्हा आला, पुन्हा विझला. कोणीतरी दार उघडत होतं आणि लावत होतं, असं. मोमिईने तारा तपासल्या, यंत्राची टेप वाचणारी डोकी पुसली, पुन्हा लावलं. तेच.

"हा बिघाड यंत्राचा नाही," तो म्हणाला. त्याने हातातलं घड्याळ सुरू केलं आणि ओठांनी मोजू लागला.

उराबे रिळीकडे पाहत होता. खडूची पांढरी खूण फिरत वर आली की आवाज जायचा. खाली गेली की यायचा. वर आली, गेला. त्याने दहा फेऱ्या मोजल्या, मग वीस. एकही चुकली नाही. मोमिईने घड्याळ थांबवून वर पाहिलं.

"ही ठेवली कुठे होतीत आपण?"

"बेसच्या खोक्यात," उराबे म्हणाला. "बावन्न किलोचं खोकं. कोणी उचलून नेणार नाही, म्हणून. मीच ठेवली. डबा आपोआप चिकटला, खिळा नको की दोरी नको. आम्हाला वाटलं, काय डोकं चालवलं!"

"चुंबकाला."

"चुंबकाला."

"जी बाजू चुंबकाकडे होती ती प्रत्येक वेढ्यात पुसली गेलीय," मोमिई हळूच म्हणाला. "पुसलेलं परत आणता येत नाही. माफ करा."

"तू का माफी मागतोस, लेका?" कामाची ओरडला.

टेप चालूच होती. आठवं गाणं संपलं. खडखड झाली, कोणीतरी शिवी दिली, तिचं अर्धं ऐकू आलं. मग एका माणसाचा आवाज आला. गेला. आला. गेला. मध्येच चौघांचं हसू उसळलं आणि कापलं गेलं. कामाचीने तोंडावर हात दाबून धरला. उराबे उठला, चिनात्सुसमोर उभा राहिला आणि माफीसाठी कमरेत पार खाली वाकला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पुन्हा लावता येईल?" तिने मोमिईला विचारलं.

"आता संगणकात घेतलंय. हवं तितक्या वेळा."

तिने कानांवर हेडफोन चढवले. अकरा वेळा ऐकलं. उराबे तसाच वाकून उभा होता. कामाचीने त्याला धरून खुर्चीवर बसवलं.

"नाकातून की छातीतून?" कामाचीने तिला विचारलं.

"कळत नाही, काका," ती म्हणाली. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. आकडे हातात असले की तिला बरं वाटायचं. "मोजून सांगाल? किती उरलंय ते."

मोमिईने पडद्यावर रेघा ओढल्या, प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं धरली. पाऊण तास लागला. मग त्याने कागदावर लिहून कागद तिच्याकडे सरकवला.

बोलण्याची एकूण लांबी: ४१ सेकंद. ऐकू येणारे तुकडे: ३८. त्यांची बेरीज: ११.४ सेकंद. सर्वांत लांब सलग तुकडा: ०.४ सेकंद.