कापसातली मऊ जागा

शकुननं दोन्ही हातांनी कापूस मागं ओढला, तसा वरचा ढीग घसरून पुन्हा खाली आला.

"राजा! अरे राजा!"

चार महिन्यांचं लेकरू, ओ देणार होतं थोडंच.

खोली आढ्यापर्यंत भरली होती. अकोल्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घ्यायला विलायती साहेब आला की भाव उघडणार, म्हणून नवऱ्यानं, पंजाबरावानं, अजून बैलबंडी जोडली नव्हती. घरात एवढा कापूस आणि सासू मनकर्णा नातवाला भुईवर निजवायची. खाली पातळ गोधडी, उशाला काही नाही.

"लेकरू आहे आत्याबाई, पाटा नाही," शकुन एकदा म्हणाली होती.

"मंग? पाटा कदी मेला काय?"

आज सासू विहिरीवर गेली, तेव्हा शकुननं ढिगाच्या पायथ्याशी हातानं खळगा केला, बाळाला त्यात निजवलं आणि चूल पाहायला गेली. परत आली, तर खळगा नव्हता.

सगळं पांढरं. अंगडंही पांढरंच घातलेलं. ती कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत आत शिरली. हाताला लागेल ते ऊन असेल की गार, या विचारानं हात मध्येच थांबायचा, पुन्हा धावायचा. नाकातोंडात तंतू गेले. श्वास घ्यायला ती बाहेर आली, आणि आपल्याला बाहेर येता येतं हेच तिला सोसेना.

तेव्हा दाराआड मनकर्णा दिसली. भिंतीला पाठ लावून भुईवर बसलेली, मांडीवर बाळ. त्याच्या नाकपुडीतला कापूस ती करंगळीनं काढत होती.

शकुन गुडघ्यांवरच तिथवर गेली.

"मी इथं मरून राह्यली आत्याबाई! सांगतलं काहून नाही?"

मनकर्णाचे ओठ हलले. शेताच्या धुऱ्यावरून हाक मारून पल्याडच्या शेतातले बैल थांबवणारी बाई. गळ्यातून काही आलं नाही. दुसऱ्यांदा आलं.

"पाय दिसला एवढासा... वढला. मंग आवाजच निघे ना वं."

बाळानं जांभई दिली. मनकर्णानं त्याला ओसरीत नेऊन सारवलेल्या भुईवर उताणं ठेवलं. शकुननं आपण होऊन ती पातळ गोधडी खाली सारली. बाळ झोपलं.

थोड्या वेळानं श्वास पाहायला दोघी एकदमच वाकल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं.

दोघींतलं कुणीच मागं सरलं नाही.