बंद करू नये असं इंजिन

शहराने बस आणि रस्त्यांसाठी पैसे मागावेत आणि सरकारने दरवर्षी वाटाण्याच्या अक्षता लावाव्यात, हे चालूच होतं. बसचा स्टार्टर कधीच मेला होता. सकाळी धक्का मारून ती सुरू करायची आणि दिवसभर इंजिन बंद करायचं नाही, हा ड्रायव्हरांचा शिरस्ता झाला होता.

त्या दुपारी चढावरच बस खड्ड्यात आदळली. दारात लोंबकळणारा म्हातारा खाली पडला आणि मागच्या चाकाने त्याची मांडी चिरडली. बस थांबताच म्हाताऱ्याच्या मुलाने ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढलं. लोक लाथाबुक्क्यांनी तुटून पडले. कुणीतरी दगडाने त्याचे दात पाडले.

"मला नंतर मारा! आधी यांना बसमध्ये घाला, दवाखान्यात नेतो," ड्रायव्हर रक्त थुंकत ओरडला. "फक्त इंजिन बंद करू नका!"

"पळायला बघतोस, भडव्या?" म्हणत मुलाने चावी फिरवून उपटली. इंजिन गप्प झालं.

मग बापाला सीटवर निजवून त्याच हातांनी सगळे बस ढकलू लागले. चढावर ती तसूभर हलेना. शेवटी तिला उताराकडे मागे सोडलं, तेव्हा कुठे इंजिन धडधडलं.

तोवर म्हाताऱ्याचं कण्हणं थांबलं होतं.